मेपलखालचा मणी

सुशांतने मेटल डिटेक्टरची तबकडी पाचव्या मेपलच्या बुंध्याभोवती फिरवली. यंत्र किंचाळलं. त्याने खुरप्याने माती उकरली, हाताला लागलेलं झाकण पुसलं आणि खड्डा बुजवून वर गवत थोपटलं.

"मिळालं?" बाकावरून अण्णांनी विचारलं.

"बिअरचं झाकण आहे, अण्णा."

"तुझ्या आईला बिअरचा वासही चालायचा नाही. म्हणजे हे झाड नव्हे."

अमेरिकेतल्या एडिसन गावच्या या पार्कात यंत्र फिरवायला परवानगी लागते. सुशांतने ती रीतसर काढली होती. कारण 'छंद' असं सांगितलं होतं. अटी दोनच. खड्डा बुजवायचा, आणि सापडेल ते पार्कची राखण करणाऱ्या रेंजरबाईंना दाखवायचं. मार्चमध्ये आईची राख इथे ठेवताना मात्र त्याने कोणालाच विचारलं नव्हतं. अण्णांना गाडीत बसवून, चोरासारखा इकडेतिकडे बघत त्याने एका मेपलखाली पिशवी रिकामी केली आणि पळाला. तेव्हा झाडं बोडकी होती. आता सगळी सारखीच हिरवीगार, जणू संगनमत केल्यासारखी.

उद्या अण्णा नागपूरला परत चालले होते, कायमचे. जाताना त्यांना त्या झाडाखालची चिमूटभर माती हवी होती.

"आईच्या तोंडात तुम्ही सोन्याचा मणी ठेवलात ना?" सुशांतच म्हणाला होता. "मग यंत्र वाजेल की!"

दहनाआधी फ्युनरल होममध्ये आईला ठेवलं होतं, तिथे आत एकटे अण्णाच गेले होते. सुशांतचं ऐकून ते उठून सदरा चढवायला गेले होते.

सहाव्या झाडाखाली खिळा निघाला. सातव्याखाली काहीच नाही. आठव्यानंतर झाडंच संपली. सुशांत बाकाशी आला आणि मटकन बसला. तबकडी अण्णांच्या सदऱ्याला लागली.

यंत्र किंचाळलं.

"किल्ल्या आहेत का खिशात?"

अण्णांनी खिशात हात घातला आणि बाहेर काढून मूठ उघडली. वाळलेल्या तुळशीच्या चुऱ्यात मणी होता.

"ओठ आतून शिवले होते रे तिचे," अण्णा म्हणाले. "इथे तशी पद्धत असेल. उघडा म्हणून कोणाला सांगणार?"

सुशांतने यंत्र बंद केलं. बटण सापडायला त्याला बराच वेळ लागला.

रेंजरबाईंची छोटी गाडी बाकासमोर येऊन थांबली. काही सापडलं का, त्यांनी हसून विचारलं. अण्णांना इंग्रजी समजलं की नियम आठवला, कोण जाणे. त्यांनी आज्ञाधारकपणे तळहात पुढे केला.

बाईंनी वाकून मणी पाहिला.

"किती सुंदर!" त्या म्हणाल्या. "कुठल्या झाडाखाली मिळाला?"