दोन्हीकडून वाजलेली झांज

या हो या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनी पुढे या, पुढच्यांनी मांडी आवळा. आज एका पिकअपची गोष्ट ऐकवायची आहे. गाडीची गोष्ट म्हणून नाक मुरडू नका. जिच्या पाठीवर बसून माणसं देवाचं नाव घेत गावभर फिरली, ती गाडी काय अन् पालखी काय!

तर रायपूरच्या पुरानी बस्तीत वनमालाबाई राहतात. मूळ माणसं वर्ध्याकडची, पण आता इथल्याच मातीत रुजलेली. त्यांचे यजमान बंडूभाऊ. त्यांची पिकअप दिवसभर भनपुरीच्या गोदामांतून प्लायवूड वाहायची आणि संध्याकाळी कीर्तनमंडळीला. आत पेटी, पखवाज, सतरंज्या. फळ्यांना टेकून टाळकरी. आणि चौबे कॉलनीत कोणाकडे तरी समया लावून वाट बघत असलेले लोक. बंडूभाऊंना जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. आता गाडी त्यांचा मुलगा विशाल चालवतो.

गाडीला दुखणी दोन. स्टिअरिंग बरंच फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म, आणि मग एकदम वळत. इंडिकेटरची दांडी दाबली तर दिवा मनाला आलं तर लागे. बंडूभाऊ होते तेव्हापासून हेच. पण मंडळींनी त्यावर तोड काढली होती. डावीकडे वळायचं असलं की बंडूभाऊ खिडकीतून ओरडत, "डावी!" आणि मागे डाव्या अंगाला बसलेले यज्ञेश्वरबुवा हात बाहेर काढून झांज वाजवत. उजवीकडे वळायचं तर उजवीकडचे देवीदास. बाजारातल्या भाजीवाल्या टोपल्या मागे ओढून घेत, "हटव, बंडू भैया के गाड़ी आवत हे!" रस्त्याला सवय झाली होती हो त्या झांजेची.

परवा मात्र विशालच्या हातून वळताना गाडी एका ई-रिक्षाला चाटून गेली. आत लेकुरवाळी बाई होती. कोणाला खरचटलंही नाही. पण रात्री ताटं वाढताना वनमालाबाईंनी विषय काढलाच.

"उद्या गाडी दुरुस्तीले टाक," त्या म्हणाल्या.

"देखते हैं ना, आई."

"काय देखतं? बाप गेल्यापासून देखूनच राहिला तू."

विशालनं ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाला, "खोलेंगे तो सब बदल देंगे, आई. बाबांचा हात बसलाय त्या स्टिअरिंगवर."

ते खरंच होतं. बंडूभाऊंच्या तळव्याने ते एका जागी नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालं होतं, आणि विशाल गाडी चालवताना हात नेमका तिथेच ठेवी. आईनं ते पाहिलं होतं. म्हणून तर इतके दिवस तीही गप्प बसली होती.

सकाळी तो निघाला तर वनमालाबाई आधीच पुढच्या सीटवर पदर खोचून बसलेल्या.

"तू कुठे?"

"भनपुरीले. मी बी येतो. चाल."

धम्मदीप मिस्त्रीच्या गॅरेजात अशाच आणखी पिकअप उभ्या होत्या. एक मालक दुसऱ्याला सांगत होता, त्याची गाडी वळून सरळ झाली तरी इंडिकेटर टिकटिकतच राहतो. दुसरा म्हणाला, "अरे, मेरा तो जलता ही नहीं!" जणू दवाखान्याच्या बाकावर बसून एकमेकांचे संधिवात विचारत होते.

धम्मदीपनं स्टिअरिंग हलवून पाहिलं, खाली वाकून कान लावला. "काकू, या गाड्या याच तक्रारीनं येऊन राहिल्या. आतला जोड झिजते, अन् इंडिकेटरची चकती वरच्या बाजूले फसते. स्टिअरिंग उतरवा लागते. अन् या स्टिअरिंगचे तं आतले दातेच घासले, नवंच टाका."

"नवं?" विशालचा चेहरा उतरला. "रहने दो भैया. फिर कभी."

"काहून फिर कभी?" आई म्हणाली.

विशालनं हसण्यावारी नेलं. जमलेल्यांकडे वळून तो आपली नेहमीची गोष्ट सांगू लागला. रामनवमीचं कीर्तन आटोपून मंडळी परतत होती. गाडीतच गजर रंगला. यज्ञेश्वरबुवांचे डोळे मिटलेले, देवीदासांचेही, आणि दोन्हीकडून झांजा सुरू! मागच्या गाड्या जागीच थांबल्या, हा वळणार कुठे ते कोणालाच कळेना.

"बाबा को भी नहीं समझा!" विशाल टाळी देत म्हणाला. "उजवी झांज जोरात ऐकली अन् घातली गाडी उजवीकडे, सीधा शादी के पंडाल में! वऱ्हाडी समजले, बँडवाले आले. बुवांना नाचवलं, जेवू घातलं, वरून आहेर बी दिला!"

सगळे पोट धरून हसले. धम्मदीपचा पाना हातातून निसटला. वनमालाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"तुह्या बापानं त्या दिवशी घरी येऊन पाणी मागतलं," त्या म्हणाल्या. "अन् पेला तसाच ठेवून देवापुढे जाऊन बसला. मांडवाच्या तोंडाशी एक लहान पोट्टी रांगोळी काढत होती, विशाल. तुह्या बापानं स्टिअरिंग फिरवलं तं चाकं वळेचना, गाडी अगदी तिच्याजवळ येऊन थांबली."

धम्मदीपनं पडलेला पाना उचलून बाजूला ठेवला.

"मले म्हणे, वनमाला, आज पांडुरंगानं सांभाळलं, पण माह्या आळसाची राखण त्यानं किती करावी? उद्या गाडी टाकतो म्हणे. मंग कोणाकडे सप्ताह निघाला, मंग प्लायवूडच्या खेपा. राहून गेलं. अन् एक दिवस तोच गेला."

"आई... ये बात तूने कभी बताई नहीं."

"तू हसत हसत सांगत होता ना बाप्पा. तो गेल्यावर घरात तेवढंच तं हसू उरलं होतं. कसं मोडू?"

विशाल गाडीत चढला. त्या गुळगुळीत जागेवर त्यानं तळवा ठेवला. मग खाली उतरून म्हणाला, "खोल दो, भैया."

काम होईस्तोवर मायलेकांनी एकाच कपातला चहा बशीत ओतून प्यायला. जुनं स्टिअरिंग भिंतीशी टेकवून ठेवलं होतं. "घरी नेता काय?" धम्मदीपनं विचारलं. विशालनं आईकडे पाहिलं. आईनं नाही म्हणून मान हलवली, पण निघताना पदरानं त्यावरची धूळ तेवढी पुसली.

परतीच्या वाटेवर गाडी शहाण्या बैलासारखी हाताबरोबर वळत होती. रायपुरा चौक मागे पडल्यावर विशालनं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, आणि या वेळी आईच्याच बोलीत विचारलं, "आई, बाबा घरी येऊन तुले आणखी काय काय सांगत जाय?"

वनमालाबाई सांगू लागल्या. कोणत्या कीर्तनात बुवा अभंग विसरले, कुठल्या घरी प्रसादात मीठ पडलं, विशाल झाला त्या रात्री याच गाडीत बसून बंडूभाऊ कसे रडले. पुरानी बस्ती आली, घर आलं, तरी दोघं गाडीतच बसून राहिले.

मंडळी, तुम्ही आता घरी जाल, दिवाबत्ती कराल, हात जोडाल. आपल्या माणसांसाठी मागून झालं की एक क्षण थांबा, आणि उद्या करतो म्हणता म्हणता निघून गेलेल्या त्या बंडूभाऊंची आठवण काढा.