सगळ्यात हळू ती पुढे

पाच जणांच्या त्या टोळीचा एकच नियम होता. सगळ्यात हळू सायकल चालवणारी पुढे. मागे राहिलेल्याकडे कुणी वळून बघत नाही, पण पुढे असलेल्याला टाकून जायची सोयच नसते. नियम दांडगीने घातला होता. दांडगी म्हणजे दहावीतली, अंगाने थोराड आणि तोंडाने त्याहून. ती सगळ्यांच्या मागे. मध्ये जुळे भाऊ आणि चष्मिस. पुढे गोगलगाय.

गोगलगाय हे नाव जुळ्यांनीच ठेवलेलं, पण बाहेरच्या कुणी तिला तसं म्हटलं की तेच अंगावर धावून जायचे. पोर एवढीशी आणि सायकल बापाची. सीटवर बसली तर पाय पोचत नाहीत, म्हणून मधल्या नळीखालून पाय घालून कसंबसं पायडल मारायची. बाप दूर कामाला, घर चुलत्याच्या हातात. चुलत्याने बजावलं होतं, "सायकलची काही भानगड झाली तर शाळा बंद. घरात कामं कमी नाहीत."

शाळा लांब, रस्ता चढाचा, समोरून वारा. उशीर ठरलेलाच. शेवटी मोठ्या सरांचं डोकं फिरलं.

"ही वरात रोज उशिरा!" सगळ्या शाळेसमोर ते कडाडले. "एक जण रेंगाळतो आणि बाकीच्यांना नासवतो. उद्यापासून फाटकातून जो शेवटी आत येईल, त्याची सायकल जप्त. वर्ष संपेपर्यंत मिळायची नाही!"

आता सर शिकलेसवरलेले. शेवटी येतो तोच रेंगाळणारा, असं ते धरून चालले, तर त्यांचं तरी काय चुकलं? या कार्ट्यांची वरात उलटी निघते, हे त्यांना कुणी सांगावं!

दुसऱ्या दिवशी शेवटी आली दांडगी. सरांनी तिची सायकल खेळाच्या खोलीत घालून कुलूप लावलं. मामाने जुने सुटे भाग जमवून, स्वतः जोडून दिलेली सायकल. जीव होता तिचा त्या सायकलीवर. सरांसमोर तिने पापणी हलू दिली नाही, पण मधल्या सुट्टीत नळाकडे जाऊन तोंड धुवायच्या निमित्ताने पोटभर रडली.

"खरं सांगून टाकू," चष्मिस म्हणाला. "तुझी सायकल तरी परत मिळेल."

"आणि हिची शाळा जाईल त्याचं काय?" दांडगी गोगलगायीकडे बोट दाखवत म्हणाली. " अक्कल गहाण टाकलीस का रे?"

 

तिसऱ्या दिवशी दांडगी सायकलींच्या मागे धावत आली. धापा टाकत, घामाने निथळत, आणि अर्थातच सगळ्यांच्या शेवटी. सर फाटकात उभेच होते.

"पुन्हा तूच शेवटी? सायकल कुठाय?"

"तुमच्याकडे, सर."

जुळे फिसकन हसले. सरांचे कान लाल झाले. एवढी दांडगी पोरगी धावत येऊनही यांच्या बरोबरीने पोचते, मग यांना अडवतंय कोण? त्यांची नजर एकेका सायकलीवरून सरकत पुढे गेली आणि त्या उंच सायकलीशी थांबली. पुढे होऊन त्यांनी गोगलगायीचं हँडल धरलं.

"अच्छा! म्हणजे सगळ्यांना खोळंबवणारी ही!"

 दांडगी मध्ये घुसणार तेवढ्यात जुळ्यांनी आपल्या सायकली धाडकन सरांच्या पायाशी आडव्या टाकल्या. चष्मिसनेही टाकली. 

"सगळ्याच घ्या, सर," तो म्हणाला. "उद्या सगळे चालत येऊ. आणखी उशिरा येऊ."

"सोड हँडल," सर गोगलगायीला म्हणाले.

तिने सोडलं नाही. सरांशी ती आजवर एक अक्षर बोललेली नव्हती. मान वर करून ती म्हणाली, "ही गेली तर माझी शाळा बंद, सर. काका घरी बसवणार आहेत. मी हळू चालवते. उद्याही हळूच चालवीन. पण येणार. हँडल सोडणार नाही."

वर्गांच्या खिडक्या डोक्यांनी भरल्या होत्या.  सरांनी एकदा नळीखालून घातलेला तो काटकुळा पाय पाहिला, एकदा पायाशी पडलेल्या सायकली पाहिल्या. मग हँडलवरचा हात काढला.

"जा आत," ते म्हणाले. "सगळे जा."

चौघं निघाले. चार पावलांवर गोगलगाय थांबली, म्हणून मागचे तिघंही थांबले. दांडगी फाटकातून हललीच नव्हती. कमरेवर हात ठेवून ती सरांपुढे उभी होती.

"किल्ली, सर," ती म्हणाली.