आकडा नसलेली टोपी

मी एक जुनी टोपी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी आजवर कुणालाही फसवलेले नाही. हे सांगावे लागते, कारण 'अमक्याने तमक्याला टोपी घातली' म्हणजे त्याला गंडवले, असे तुम्हीच म्हणता. गंडवतात माणसे आणि नाव खराब होते आमचे. माझ्या बाई ज्याच्यावर विसंबून गंडल्या, त्याला तर लोकांनी पाचपैकी पावणेपाच तारे दिले होते. मला कुणी अर्धासुद्धा दिलेला नाही.

माझा जन्म एका क्रीडांगणाच्या कोठीत झाला. फाटलेले तंबू शिवायला तिथे एक म्हातारे शिंपी येत. एकदा जाड कापडाचा तुकडा उरला. तो वाया कशाला घालवायचा म्हणून त्यांनी त्याची दुहेरी घडी करून मला शिवले. काठ चांगला रुंद ठेवला, हवेसाठी बाजूंना चार भोके पाडली आणि मला बाईंच्या हातात देत ते म्हणाले, "दिसायला यथातथाच आहे, पण कामाला कमी पडणार नाही."

बाई मुलामुलींना धावायला शिकवतात. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ आणि तोंडात सतत "गुडघा वर! गुडघा वर!" उडीच्या खड्ड्यातली वाळूही त्या स्वतःच सपाट करतात, कारण दुसऱ्याने केलेली त्यांना पटत नाही. फाटकातून माझा काठ दिसला रे दिसला की रेंगाळणारी मुले पळत सुटत. ती वर्षे माझ्या मानाची होती. घामाने माझा रंग विटला, पण त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

मग बाईंच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक खरखरीत ठिपका आला. तो बरा होईना. डॉक्टरांनी तो काढून तपासला. कर्करोगाची सुरुवात होती, वेळेत सापडली. मी तेव्हा बाईंच्या मांडीवरच होते.

"हे आजचं ऊन नाही," डॉक्टर म्हणाले. "तरुणपणी उघड्या डोक्याने धावलात ना, त्याचं आहे. मैदान सोडा असं मी म्हणत नाही. पण टोपी काढायची नाही आणि उघड्या कातडीला ऊन अडवणारं मलम लावायचं. कुठलंही चांगलं घ्या, पण रोज लावा आणि हात आखडू नका."

माझे नाव त्यांनी आधी घेतले होते. खोटे कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

घरी बाईंच्या थोरल्या लेकीने सूत्रे हातात घेतली. ती घरातली हुशार. जेवणाच्या टेबलावर ती मोबाइल घेऊन बसली आणि धाकटा भाऊ लॅपटॉप उघडून समोर.

"हे चिकट होतं म्हणतायत."

"मग नको. आईला चिकट चालत नाही."

"हे बघ. पण ह्याने तोंड पांढरं पडतं, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं."

"आणि हे घामाबरोबर डोळ्यांत उतरलं की झोंबतं."

"अगं, काहीतरी एक मागवा आणि मोकळे व्हा," बाई म्हणाल्या.

"काहीतरी कसं मागवू, आई? तुझ्या जिवाचा प्रश्न आहे!"

लेकीची माया खोटी नव्हती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचे ऐकून तुम्ही तिच्यावर चिडाल. मी चिडले होते.

रोज नवी नावे निघत, जुनी बाद होत. बाहेर ऊन तापत चालले. अशात धाकट्याने मला खुंटीवरून काढले आणि उलटसुलट करून पाहिले. "हिच्यावर आकडा कुठाय? नव्या टोप्यांवर ऊन किती अडतं त्याचा आकडा असतो." मग त्याने मला खिडकीशी धरले. चार भोकांतून चार कवडसे पडले. "ही टोपी आहे की चाळणी?"

"अरे, दुहेरी कापड आहे ते," बाई म्हणाल्या.

"आई, आता हिचा हट्ट सोड. नवी बघून ठेवलीय, रंग ठरला की मागवतो."

रंग ठरला नाही. मी मात्र न्हाणीघरात गेले. घरचे आरशावरचे शिंतोडे मला फडके करून पुसू लागले. ज्या काठाने बाईंना सावली दिली, तोच काठ साबणाच्या पाण्यात बुचकळला जाई. आणि बाई रोज उघड्या डोक्याने मैदानावर जात.

एकदाचे मलम आले. माझ्याच खाली, फळीवर त्याची नळी उभी राहिली. घरात आनंदीआनंद झाला. चिकट नाही, पांढरे नाही, झोंबत नाही, उलट लावल्या लावल्या गार वाटते. सगळ्या तुलनेत पहिले! बाई सकाळी निघताना ते चेहऱ्याला, मानेला आणि कानांना चोळू लागल्या.

दोनचार दिवसांनी ते मलमच मला म्हणाले, "बाई मला सकाळी का लावतात गं? मी तर ऊन खाऊन आल्यावर संध्याकाळी लावायचं मलम. भाजलेल्या कातडीची आग शमवायची, एवढंच माझं काम. ऊन अडवणं मला येतच नाही."

"अरे मग सांग ना त्यांना!"

"माझ्या पाठीवर लिहिलंय की. पण माझी पाठ बघतंय कोण?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते चिकट नव्हते, पांढरे नव्हते, कारण ऊन अडवणारे त्यात काही नव्हतेच. दुकानाने उन्हाचा सगळा माल एकाच रांगेत मांडला होता. तारे देणारेही खरेच बोलले होते. त्यांना गार वाटले, त्यांनी लिहिले. लेकीने हजार गोष्टी ताडून पाहिल्या आणि ते कशासाठी आहे तेवढे पाहिले नाही.

संध्याकाळी बाई तांब्यासारखा चेहरा घेऊन परत येत. लेक बाहेरून विचारी, "आई, लावलं होतंस ना?"

"लावलं होतं. दुपारी पुन्हा लावलं."

मी आतल्या आत किंचाळत असे. टोपीला तोंड नसते, मित्रांनो.

उन्हाळा सरता सरता त्याच कानावर पुन्हा ठिपका आला, आधीपेक्षा मोठा. काय लावता ते दाखवा, असे डॉक्टर म्हणाले, म्हणून लेक ती नळी घ्यायला न्हाणीघरात आली. तिथे, माझ्यासमोर, तिने ती पहिल्यांदा उलटी केली. वाचले. मग पालथ्या बादलीवर बसून तिने ते पुन्हा वाचले. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आई, मी सगळं बघून घेतलं होतं गं. एकेक ताडून."

"मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "तू घेतलंस म्हटल्यावर मी वाचलंच नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर लेकीला सोपे गेले असते.

रोग जुनाच होता, या उन्हाळ्याने त्याला घाई केली, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. शस्त्रक्रियेत बाईंच्या उजव्या कानाचा वरचा भाग काढावा लागला. दुसऱ्याच दिवशी खरे मलम घरात आले, काहीही न ताडता, कोपऱ्यावरच्या दुकानातून. बैल गेला आणि झोपा केला.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. वस्तू जरूर निवडा, पण ती आधी उलटी करा आणि कशासाठी आहे ते वाचा. आपल्या माणसाने आणली असेल तरी वाचा. आणि नवे डोक्यावर येईपर्यंत कुणाच्या डोक्यावरचे जुने काढून घेऊ नका.

आता बाई मला पुन्हा घालतात. नव्या टोपीचा रंग अजून ठरतोच आहे. उजव्या बाजूला मला टेकायला कान राहिलेला नाही, म्हणून मी सारखी तिकडे घसरते आणि बाई शिट्टी सोडून मला वर ढकलतात. परवा एका मुलीने धावता धावता थांबून विचारले, "बाई, टोपी सैल झाली का हो?"

"हो गं, जुनी झाली ना ती," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

मित्रांनो, मी तसूभरही सैल झालेली नाही.