शटलचा नमुना

परदेशात, त्या देशाच्या राजधानीत नोकरी करणाऱ्या मुलाने पंधरा दिवसांसाठी बोलावलं, तेव्हा नातेवाइकांनी टेलरमास्तरांच्या हातात याद्या कोंबल्या. मास्तरांना मात्र तिथून एकच वस्तू हवी होती. बायकोच्या शिवणयंत्राचं शटल. सुईखालून दोरा घेऊन ये-जा करणारा बोटभर लोखंडी तुकडा तो, पण झिजला आणि तिचं शिवणच थांबलं. तिची नजर अधू. त्या मशिनवर डोळ्यांचं काम तिचे हातच करत. नवं मशीन आणून दिलं तर पहिल्याच दिवशी सुई बोटात गेली. तेव्हापासून ती हात मांडीवर ठेवून नुसती बसून असे, आणि मास्तरांना ते बघवत नसे. मशीन बनलं होतं मुलाच्या त्याच शहरात. तसं त्यावर कोरलेलंच होतं. मग सुटा भाग तिथे नाही तर कुठे मिळणार?

मास्तरांची पद्धत जुनी. दुकानात नाव-नंबर सांगायचा नाही, नमुना काढून काउंटरवर ठेवायचा. दुकानदार तो उलटासुलटा बघतो आणि बरोबर तोच खण उघडतो. झिजलेलं शटल चिंधीत गुंडाळून त्यांनी खिशात ठेवलं होतं.

सूनबाई हौशी. पाहुण्यांनी कुठे खरेदी करायची ते तिला तोंडपाठ होतं. चॉकलेटं या मजल्यावर, अत्तरं त्या मजल्यावर, फ्रिजला चिकटवायची चित्रं स्टेशनसमोर. मास्तर मुकाट्याने सगळीकडे फिरले आणि प्रत्येक काउंटरवर चिंधी उलगडून शटल दाखवत गेले. विकणारे गोड हसत, पण शटलला कुणी हात म्हणून लावला नाही. शेवटी एकाने दाराकडे बोट दाखवलं.

"बाबा, इथं जुनं कुणी दुरुस्त करत नाही," मुलगा म्हणाला. "सरळ फेकून देतात."

"फेकतात कुठे, तेवढं विचार."

मुलाने कपाळाला हात लावला.

परतायच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तर रस्त्यातच खिळले. कपड्यांच्या एका झगमगीत दुकानाची काच खालपासून वरपर्यंत शिवणयंत्रांनी भरली होती. सगळी जुनी. आणि चौथ्या ओळीत अगदी तिचंच मशीन, जसंच्या तसं. मुलगा "बाबा, थांबा" म्हणेपर्यंत ते आत पोचले, मागच्या बाजूने वाकले आणि सवयीने अंगठ्याने पट्टी सरकवली. आत शटल होतं. जराही न झिजलेलं.

त्यांनी ते काढून तळहातावर आपल्या शटलशेजारी ठेवलं. माप तंतोतंत तेच.

विकणारी मुलगी धावत आली. मास्तरांनी खुणा केल्या: झिजलेलं आत घालतो, हे मला द्या, बाहेरून कुणाला कळणारही नाही. तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर बिचारा सभ्य होता. मुलाशी तो बराच वेळ बोलला.

"काय म्हणतो?"

"ही सजावट आहे, बाबा. विकायची नाही. सगळ्याची नोंद वरच्या ऑफिसात असते, तो एक स्क्रूसुद्धा देऊ शकत नाही." मुलाचे कान लाल झाले होते. "द्या ना परत. लोक बघताहेत."

"त्याला सांग, तुझी आई नुसती बसून असते."

"सांगितलं."

मास्तरांची मूठ उघडेना. चोरी त्यांनी जन्मात केली नव्हती, आणि मुलाला तर याच शहरात राहायचं होतं. शटल त्यांनी स्वतःच जागेवर बसवलं आणि पट्टी लावली. डोळे भरून आले ते त्यांनी लपवले नाहीत.

बाहेर बाकावर बसून त्यांनी घरी फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"अहो, किती मशिनं असतील?"

"शंभर तरी."

"सगळी बायकांचीच असतील, नाही? घरात चालवलेली?"

"असतील."

"मग त्या बायका आता काय करतात?"

मास्तरांनी काचेकडे पाहिलं.

"ते नाही विचारलं गं," ते म्हणाले.

"असू द्या," ती म्हणाली. "नुसतं बसून राहणं काय असतं, ते तुम्हाला कुठं माहीत असणार."