होडीच्या फळ्या

मेरिननं खुर्चीच्या पाठीवरचा हिरव्या रंगाचा शेवटचा पापुद्रा खरवडला आणि वास उठला. ह्यूऑन पाइनच्या लाकडाचा गोडसर, तिखट वास. लाकूड किती का जुनं होईना, हा वास मरत नाही. रंगाखाली रंग, त्याखाली पुन्हा रंग, सगळे हिरवेच. आणि तळाशी, पाठीच्या बाकदार फळ्यांवर, ओळीनं बुजवलेली बारीक भोकं. एकात तांब्याच्या खिळ्याचं टोक अजून अडकलेलं होतं.

खुर्चीला कुणी तांब्याचे खिळे मारत नाही. होडीला मारतात.

खुर्ची कुणी केली, हे ती दुरुस्तीला देणाऱ्या होबार्टच्या गिऱ्हाइकाला जाणून घ्यायचं होतं. आता मेरिनलाही राहवेना. ती विकणाऱ्या जुन्या सामानाच्या दुकानदारानं सिग्नेट गावच्या थर्झा डिरीनचं घर सांगितलं. लाकडाला तेल देऊन, ते मुरल्यावर तिनं खुर्ची गाडीत घातली आणि नदीकाठच्या रस्त्यानं निघाली.

थर्झा ऐंशीच्या पुढची. अंगणात सफरचंदं निवडत होती. गाडीकडे येता येता मध्येच थबकली, नाक वर केलं.

"रंग काढलास?"

"हो आजी. आत इतकं सुंदर लाकूड आहे..."

"मला सांगतेस? लॉरीची होडी आहे ती. माझा थोरला भाऊ." थर्झानं एक सफरचंद उगाच चोळलं. "होडी आली परत, पालथी होऊन. तो नाही आला. बापानं ती फोडली, खुर्ची केली, आणून आईपुढे ठेवली. आई काही बसली नाही तिच्यावर. दर वसंतात रंग मात्र द्यायची."

"वास येऊ नये म्हणून?"

"छे गं. होडीला रंग कशाला देतात? पाणी आत शिरू नये म्हणून."

मेरिनची नजर गाडीतल्या उघड्या लाकडाकडे गेली.

"आईमागं मी रंग देत राहिले. आता हात कापतात, म्हणून विकून टाकली."

मेरिनच्या नखांत हिरवा चुरा राहिला होता. तिनं मुठी मिटल्या.

"मला ठाऊक असतं तर आजी, हात लावला नसता."

"उतरव खाली."

खुर्ची गवतावर आली. नदीवरून वारा सुटला होता. वास सगळ्या अंगणात पसरला. थर्झानं वाकून, धापा टाकत, दोन्ही बूट काढले.

"बूट घालून होडीत चढू द्यायचा नाही मेला," ती म्हणाली.

मग हातांवर भार देत अलगद बसली. मधोमध नव्हे, अगदी एका कडेला, अर्धी बैठक मोकळी ठेवून. पडेल म्हणून सावरायला मेरिननं हात पुढे केला, आणि ती मोकळी जागा पाहून मागे घेतला.

थर्झा नदीकडे पाहत राहिली. थोड्या वेळानं ती आणखी जराशी कडेला सरकली.