फिरतंय त्याला तेल

रविवार उजाडला की आप्पांची तेलाची बुधली बाहेर यायची. बत्तीस वर्षं कापडाच्या मिलमध्ये माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून काढलेला माणूस. सुट्टीच्या दिवशीही त्यांचे हात हलणारं, फिरणारं काहीतरी शोधत असायचे. दाराच्या बिजागऱ्या, शिवणयंत्र, सायकलची साखळी, सगळ्यांना चोचीतून एकेक थेंब मिळायचा. "फिरतंय त्याला तेल पायजे," म्हणायचे. घरात या वाक्याला उत्तर देणं सगळ्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. मात्र ओठ ते असे वाचायचे की परक्या माणसाला पत्ता लागू नये. त्यामुळे घरात एक रीत पडली होती: आप्पांशी बोलायचं तर समोर यायचं, उजेडाकडं तोंड करायचं. रंभाबाईंना नवऱ्याशी भांडायचं असलं तरी त्या आधी पोळपाट बाजूला सारून त्यांच्यासमोर येऊन बसायच्या आणि मग भांडायच्या. तोंड वळवून बोलणं हे त्या घरात न बोलण्यातच जमा होतं.

त्यांची लेक विजयमाला कॉलेजात इंग्रजी शिकवायची. पुण्याला एम.ए. करताना तिनं सुटकेससारखा मिटणारा एक रेकॉर्ड प्लेअर घेतला होता, आणि वसतिगृहातल्या मैत्रिणीनं परदेशी जाताना तिला एक रेकॉर्ड दिली होती. एका इंग्रज बँडची गाजलेली बारा गाणी, वर खांद्यापर्यंत केस वाढवलेल्या चौघांचा फोटो. तो पाहून आप्पांनी विचारलं होतं, "ह्यांच्या गावात न्हावी न्हाय व्हय गं?"

पण रेकॉर्ड लागली की ते हळूच येऊन प्लेअरच्या पेटीवर तळहात टेकायचे. चालता माग ते असाच तपासायचे. मागावर आडवा धागा घेऊन ठोक्यात इकडून तिकडं पळतो तो धोटा, म्हणून ड्रम वाजवणाऱ्याला त्यांनी धोटेवाला असं नाव ठेवलं होतं. कुठल्या गाण्यात धोटेवाला नीट चालतो, कुठल्यात उगाच घाई करतो, हे ते अचूक सांगायचे. विजयमालाला त्याचं हसू यायचं, आणि कॉलेजातलं कुणी घरी आलेलं असलं तर थोडी लाजही वाटायची.

त्या रविवारी ती वाचनालयातून परतली, तेव्हा आप्पा उंबऱ्याशी बसले होते. मांडीवर जुनं धोतर, त्यावर ती रेकॉर्ड, आणि बोटानं ते तिच्यावर तेल चोळत होते. गोल, सावकाश, एकही रेघ सुटू न देता. आठवडाभर रेकॉर्ड करकरत होती. त्यांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ऐकताना लेकीच्या कपाळावर पडणारी आठी त्यांनी पाहिली होती.

"सुई घासत हुती," ते कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाले.

विजयमालानं त्यांच्या हातातून रेकॉर्ड काढून घेतली. काळ्या चकतीवर तेल चमकत होतं, त्यात तिचाच चेहरा दिसत होता. आप्पा तिच्या ओठांकडं पाहत राहिले.

"बिघडली का गं?"

तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाली, "असू दे." शब्द वाईट नव्हते. फक्त ते त्यांना दिसणार नाहीत हे तिला माहीत होतं. रेकॉर्ड खोक्यात घालून तिनं कपाटावर टाकली आणि जेवतानाही ताटातून मान वर केली नाही.

सोमवारी ती उठली तेव्हा आप्पा पहिल्या पाळीला निघून गेले होते. कपाटाशी स्टूल कुणी नेऊन ठेवलं म्हणून रंभाबाई कुरकुरत होत्या. तीनचा भोंगा झाला आणि थोड्या वेळानं धोंडप्पा दारात आला. आप्पांच्या शेजारच्या ओळीत काम करणारा त्यांचा जुना सोबती. त्याच्या हातात आप्पांच्या वहाणा होत्या. मिलच्या फाटकाशी वहाणेचा अंगठा नीट करायला म्हणून ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी धोंडप्पा पुन्हा आला. चहा घेतला, पावसापाण्याचं बोलला, आणि मग खिशातून कोऱ्या कापडाची एक पट्टी काढून त्यानं विजयमालापुढं धरली. पट्टीवर मिलमधल्या निळ्या पेन्सिलीनं इंग्रजी अक्षरं काढली होती. लिहिली नव्हती, काढली होती, बाई रांगोळी काढते तशी. एक अक्षर उलटं पडलं होतं. बँडचं नाव होतं, आणि खाली रेकॉर्डचा नंबरसुद्धा.

आप्पांना इंग्रजीतलं एकही अक्षर येत नव्हतं.

धोंडप्पाचा मेव्हणा मुंबईला होता. त्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आप्पांनी ही पट्टी देऊन, असलीच तबकडी आणायला सांग, पोरीची माझ्या हातनं नासली, असं म्हटलं होतं. मेव्हण्यानं वर्षभर दुकानं पालथी घातली. "मिळाली न्हाय. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून आलो न्हाय, विजू."

तो गेल्यावर तिनं तेच स्टूल कपाटाशी नेलं. रेकॉर्डवर धूळ तेलात बसून घट्ट झाली होती. तिनं कोमट पाण्यात साबणाचा फेस केला, मऊ फडक्यानं गोल, सावकाश पुसली, खिडकीशी वाळवली. दहा मिनिटांचं काम. मग सुई ठेवली.

आधी नुसती खरखर आली. नंतर गिटार, आणि मग धोटेवाला, अगदी नीट चाललेला. वर्षभरात तिनं एकदाही लावून पाहिली नव्हती. त्या रविवारी तरी कुठं पाहिली होती?

तिनं पेटीवर तळहात टेकला. ठोका मनगटापर्यंत येत होता. गाणं संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. स्वयंपाकघरात रंभाबाईंचं कांडणं थांबलं होतं.

मग ती आप्पांच्या तसबिरीसमोर गेली. तिथं तिच्या चेहऱ्यावर सावली पडत होती, म्हणून खिडकीचं दार पुरतं उघडून परत आली. मान वर केली आणि त्यांच्याशी बोलायचं तशी, एकेक शब्द ओठांवर स्पष्ट आणत म्हणाली,

"आप्पा, बिघडली नव्हती. मी तोंड फिरवलं, ते चुकलं माझं."