पांढरा धूर

अग्निशमन केंद्राच्या अंगणात धाकटीने एक लाकडी खोका उलटा ठेवला. "ही समजा विजेवरच्या गाडीची बॅटरी." जाळून दाखवायला खरी गाडी कोण देणार?

"समजली," दादा म्हणाला. "आता हिला अंगाई म्हणायची की पाणी मारायचं?"

सगळी तुकडी खो खो हसली. दादा तुकडीचा प्रमुख आणि तिचा सख्खा थोरला भाऊ. नळी धरायला तिला त्यानेच शिकवलेलं. पण बॅटरीच्या आगीचं शिक्षण तान्ह्या लेकीला वहिनीच्या हवाली करून तीच घेऊन आली होती.

"नेहमीच्या आगीत पांढरा धूर म्हणजे वाफ. आग दमली, असं आपण धरतो. इथे तो वायू असतो. विषारी, शिवाय पेट घेणारा. दिसला की मास्क काढायचा नाही. मागे सरायचं."

"अगं, पांढरा धूर दिसला की मास्क सारून एक श्वास घ्यायचा. माझ्या वस्तादांपासूनची रीत आहे ती!"

"दादा, रीत बदल."

"आगीपुढे केस पिकले माझे. कालचं पोर मला धूर शिकवतंय!" असं म्हणत त्याने तिचं कललेलं हेल्मेट सरळ केलं. याच्या डोक्यात काही शिरलेलं नाही, हे तिला त्या मायेच्या हातावरूनच कळलं.

एवढ्यात घंटा वाजली.

एका इमारतीच्या तळघरात विजेवरची गाडी पेटली होती. दादा नळी घेऊन पुढे, धाकटी मागे. पाण्याचा मारा झाला, ज्वाळा बसल्या. मग गाडीच्या पोटाखालून पांढरा, मऊ धूर निघाला, दूध उतू जावं तसा.

दादाचा हात मास्ककडे गेला. विचार करून नव्हे; डोळ्यात कचरा गेला की जातो तसा.

"दादा, नको!"

तिचा आवाज तिच्याच मास्कमध्ये कोंडला. त्याने एक श्वास घेतला, मागे वळून हसला. झालं गं, असं.

मग धूर पेटला.

दादा गेला त्या रात्री तान्ही परत देताना वहिनी एवढंच म्हणाली, "तुझं तरी ऐकेल असं वाटलं होतं मला."

ती जळकी गाडी पुन्हा पेटू नये म्हणून आता केंद्राच्या अंगणात पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवली होती. अजून बुडबुडे येत होते. धाकटीने पुन्हा खोका उलटा ठेवला.

"ही समजा बॅटरी."

सगळे कान देऊन ऐकत होते. ती मध्येच थांबली, अंगाईचं कोणीतरी विचारेल म्हणून. कोणी विचारलं नाही. तिचं हेल्मेट कललं होतं. तिने ते तसंच राहू दिलं.